वारो गेलो

पक्षाघातानंतर माझ्या पत्नीची वाचा गेली. जे थोडे शब्द परतले, ते तिच्या माहेरच्या मालवणीतले होते. वाचा-उपचार करणाऱ्या बाई लॅपटॉपवरून तिचा तास घेत. करी रोडच्या आमच्या नव्या इमारतीत राऊटर दाराशी, तर तिची खाट आतल्या खोलीत. त्यात लॅपटॉप जुना. त्याचे वायफाय मधूनच गळून पडे. एखादा शब्द ओठांवर यायला आणि पडद्यावरच्या बाई गोठायला एकच गाठ पडे. पत्नी हात झटकून म्हणे, "वारो गेलो!" वायफाय हा शब्द तिला सापडत नसे, वारा तेवढा सापडला होता. त्यानंतर ती जी तोंड मिटून बसे, ती दिवसभर. शब्द परतायचे ते याच काही महिन्यांत, असे बाईंनी मला बजावले होते.

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. कोणतीही गोष्ट पायरीपायरीने शिकता येते यावर माझा विश्वास आहे. वायफाय टिकवण्याविषयी वाचून समजले ते असे : संगणकात पडद्याआड सतत चालणारी एक सेवा नेमता येते. तिने ठरावीक वेळाने राऊटरला हाक द्यावी आणि उत्तर न आल्यास जोडणी तोडून पुन्हा जोडावी. म्हणजे हजेरीच. संगणक सुरू होताच सेवेने आपणहून कामाला लागावे, मध्येच बंद पडल्यास पुन्हा उठावे, हेही मी लिहून दिले आणि समाधानाने चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी वायफाय पूर्वीपेक्षा अधिक वेळा गेले.

"वारो गेलो," पत्नी म्हणाली, आणि माझ्याकडे बोट दाखवून, "मास्तर!"

तिचे बोट योग्य जागी होते. दोष राऊटरचा नव्हता. तो कधीकधी उशिरा 'ओ' देई, आणि माझी सेवा पहिल्याच हाकेला गैरहजेरी मांडून चांगली चाललेली जोडणी तोडत होती. वर्गात मी असे कधी केले नव्हते. मागच्या बाकावरून 'हजर' यायला वेळ लागतो; तीनदा नाव पुकारल्याखेरीज मी कोणाला गैरहजर धरत नसे. सेवेलाही तोच नियम घातला : तीन हाका, मध्ये थोडे थांबणे, मगच तोडणे.

पुढच्या तासाला बाईंनी विचारले, "काकू, माझा आवाज येतोय ना?"

मी पत्नीच्या वतीने उत्तर द्यायला पुढे वाकलो, तोच बाईंनी पडद्यावरून हात वर केला. "काका, तुम्ही नाही." त्यांनी पुन्हा विचारले. पत्नीचे ओठ हलले, थांबले. बाई गोठल्या नव्हत्या. त्या वाट पाहत होत्या. तिसऱ्यांदा विचारले.

"वारो," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द शोधत राहिली. "वारो... आसा."

'गेलो' सोडून 'आहे' म्हणणारे क्रियापद तिला सापडले होते. मी टाळी वाजवणार होतो. तेवढ्यात ती म्हणाली, "मास्तर, गप!"