सहा किलोंच्या आतली बाग

काकू पार्सलच्या ऑफिसात काट्यावर असतात. खोकं आलं की काट्यावर ठेवायचं, आकडा लिहायचा, पुढे सरकवायचं. हे काम बावीस वर्षं केल्यावर काटा नुसता साक्षीपुरता उरतो. काकू खोकं उचलतात आणि म्हणतात, "चार किलो, वर थोडं." काटा दाखवतो चार किलो साठ ग्रॅम.

माझ्या समोरच्या दारात त्या आणि त्यांची थोरली बहीण, ताई, भाड्याने राहतात. तिसरा मजला, दोन खोल्या आणि तीन फूट रुंद बाल्कनी. त्या बाल्कनीत एकेचाळीस कुंड्या होत्या. कुंड्या म्हणायचं आपलं. तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, थर्माकोलची खोकी, फाटक्या पोत्यांच्या शिवलेल्या पिशव्या. एकही विकत आणलेली नाही आणि भरपूर पाणी घातल्यावरही एकही सहा किलोंच्या वर नाही.

"भाडेकरूची बाग एका माणसाला जिन्यावरून उतरवता आली पाहिजे," काकू म्हणतात. "नाहीतर ती घरमालकाची होते."

हे त्या अनुभवाने बोलतात. या आधी चार घरं बदलली. पहिल्या घरात मातीच्या मोठ्या कुंडीत लिंबू लावलं होतं, ते दोघींनाही हललं नाही, तिथेच राहिलं. पुढच्या भाडेकरूने त्यात सिगारेटी विझवल्या, असं जुन्या शेजारणीने मुद्दाम फोन करून कळवलं. तेव्हापासून सहा किलोंचा कायदा. त्यासाठी माती कमी, बाकी नारळाचा भुसा, वाळकी पानं आणि झाकणाच्या बादलीत कुजवलेली भाज्यांची सालं. सालांवर ऑफिसातले पुठ्ठे फाडून टाकायचे, म्हणजे वास येत नाही. वालाचे वेल पार्सलच्या सुतळीवर चढतात. पुदिना, पालक, मिरच्या, टोमॅटो. बाजारातून त्या कांदे-बटाटे सोडून फारसं काही आणत नाहीत.

खाली तळमजल्यावर घरमालक राहतात. आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. एका सकाळी ते तिन्ही जिने चढून आले. हातात सिमेंटचा पोपडा होता.

"तुमच्या बाल्कनीच्या खालून निखळला. माझ्या स्कूटरच्या सीटवर पडला. मी बसलेला असतो तर?"

"तर हेल्मेट घातलेलं होतं की नाही, एवढाच प्रश्न होता," ताई आतून म्हणाल्या.

मास्तरांना हसू आलं नाही. "हे तुमच्या कुंड्यांचं वजन आहे, बाई. आठ दिवस देतो. एकतर कुंड्या खाली, नाहीतर तुम्ही खाली."

संध्याकाळी काकू माझ्याकडे आल्या. मी इमारतींचे आराखडे करणाऱ्या ऑफिसात नोकरी करतो.

"तू शिकलेला आहेस. वजनाचा हिशेब कागदावर मांडून दे. मास्तरांचा माझ्या हातावर विश्वास बसायचा नाही, कागदावर बसेल. छप्पन्न वर्षांची झाले मी. आता पाचव्यांदा बाग मोडून सहावं घर शोधायचं बळ नाही."

हिशेब सोपा निघाला. सगळ्या कुंड्या मिळून सव्वादोनशे किलो, म्हणजे बाल्कनीत तीन-चार माणसं उभी राहिल्यासारखं. स्लॅबला हे काहीच नव्हतं. मी खूश होऊन कागदाखाली सही ठोकली, तारीखसुद्धा घातली. तरी एकदा जागेवर पाहावं म्हणून रविवारी आम्ही भिंतीलगतचे डबे पुढे ओढले.

चौथ्या डब्यामागे पाणी जायची जाळी होती. म्हणजे असणार होती. तिच्यावर भुसा आणि पानं दगडासारखी बसली होती. सभोवतीची फरशी हिरवी पडली होती, आणि सांध्यात किल्ली घातली तर ती आत जात होती. रोजचं पाणी तिथेच साचून स्लॅबमध्ये मुरलं होतं. आतली सळई गंजली, फुगली आणि तिने खालचा गिलावा ढकलून दिला.

डबे भिंतीलगत का होते, ते मला आठवलं. तीन वर्षांपूर्वी मी इथे राहायला आलो त्याच आठवड्यात काकूंना न विचारता सल्ला दिला होता. बाल्कनी भिंतीतून बाहेर आलेली असते, टोकाला भार नको, जड डबे भिंतीला लावा. वजनाच्या दृष्टीने अगदी बरोबर. काकूंनाही पटलं, कारण त्यांनाही वजनच दिसतं. दोघांपैकी एकानेही पाण्याचा विचार केला नाही.

"म्हणजे वजनाने नाही, पाण्याने," काकू म्हणाल्या.

"हो."

"पण कुंड्यांमुळेच."

"कुंड्यांमुळे आणि माझ्यामुळे."

"फुकटचा सल्ला," ताई म्हणाल्या, "सगळ्यात महाग."

माझा कागद खिशात होता आणि त्यातला आकडान् आकडा खरा होता. तेवढाच दिला असता तर मास्तर गप्प बसले असते. मी तसं सुचवलंही.

"अर्धं वजन लिहून मी कधी पार्सल पुढे सरकवलं नाही," काकू म्हणाल्या आणि चपला घातल्या.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग ते तापले. माझ्यावर जास्त. "परवान्याची परीक्षा न देताच गाडी रस्त्यावर आणलीत की हो!"

काकू म्हणाल्या, "मास्तर, आधी दुरुस्ती करा. तोवर डबे आत घेते. नंतर पाणी वजनाने घालीन. भिजलेली कुंडी किती आणि सुकलेली किती, ते मला उचलून कळतं. जेवढं उडालं तेवढंच घालायचं. खाली थेंब उतरणार नाही."

"उचलून कळतं?" मास्तरांनी टेबलावरचा तो पोपडा पुढे केला. "हा किती?"

काकूंनी तो तळहातावर घेतला. "सव्वासहाशे."

मास्तर पोपडा घेऊन स्वयंपाकघरात गेले. तिथल्या काट्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी आकडा सांगितला नाही. म्हणाले, "दुरुस्तीनंतर एक महिना. रोज सकाळी मी खालून बघणार. ओल दिसली की विषय संपला."

दुरुस्तीला एकोणीस दिवस लागले. तेवढे दिवस दोन खोल्यांत एकेचाळीस डबे आणि दोन बाया राहिल्या. ताई भेटेल त्याला सांगायच्या, "सध्या मी पालकात झोपते." उजेड कमी पडून टोमॅटो पिवळे पडले. काकू कामावरून आल्या की एकेक डबा उचलायच्या, क्षणभर थांबायच्या आणि कपाने पाणी घालायच्या. कुणाला दोन कप, कुणाला काहीच नाही. बाल्कनी तयार झाल्यावर सगळे डबे विटांच्या तुकड्यांवर आले, जाळीभोवती हातभर जागा मोकळी राहिली. ती जागा काकूंनीच आखली. मला विचारलं नाही, मीही तोंड उघडलं नाही.

महिना संपला त्या सकाळी मास्तरांनी रंगाऱ्याची लांब शिडी खालून लावली. चढून त्यांनी बाल्कनीच्या पोटावरून तळवा फिरवला, बोटं एकमेकांवर घासली आणि ते वर आले.

"कोरडं आहे. राहा. पण एकेचाळीस नकोत, पंचवीस."

"तीस," काकू म्हणाल्या.

"पंचवीस. आणि हे भांडण नाही, बाई, माझं घर आहे."

"बरं," काकू म्हणाल्या. त्याच दिवशी त्यांनी सोळा डबे बाजूला काढले. टोमॅटो सगळे गेले, ते फार पाणी पितात. वालही गेले. मिरच्या, लसूण, कोरफड, पुदिना आणि थोडा पालक राहिला. टोमॅटोचा पहिला डबा त्यांनी स्वतः उचलला आणि माझ्या दारात ठेवला.

"पाच किलो तीनशे," त्या म्हणाल्या. "उद्यापासून रोज कामावर जाताना उचलून बघ. साडेचार किलोवर आला की चार कप पाणी." आणि पुढचा डबा आणायला आत गेल्या.