अंगणातला डेंगळा

पडेगावच्या आमच्या अंगणात उन्हाळ्यात फुटबॉल लिली, पावसाळ्यात निशिगंध, थंडीत ग्लॅडिओलस. बारा महिने कुठला ना कुठला कंद फुलतोच. ग्लॅडिओलसला पहिला दांडा आला त्याच दिवशी वैजापूरहून वडील आले. "चहा टाकते, मग गंमत दाखवते," म्हणत मी नाचतच आत गेले. बाहेर येते तर दांडा मोडून त्यांच्या हातात! आयुष्यभर कांदा पिकवलेला माणूस. कांद्याला फुलाचा दांडा, म्हणजे डेंगळा आला की कांदा पोसत नाही, म्हणून दिसला की मोडायचा. मी असली भडकले! जाताना त्यांनी ग्लॅडिओलसचे उरलेले दोन कंद गुपचूप खिशात टाकले. अडीच महिन्यांनी, आज सकाळी त्यांचा फोन: "पोरी, बांधावर डेंगळा आलाय. हात बी लावला नाय. लवकर ये!"