जात्याचा ज

सत्यशीलाबाई १९७४ साली केदारखेड्याच्या पलीकडच्या एका गावात शिक्षिका म्हणून आल्या, तेव्हा शाळेचे मुळाक्षरांचे छापील तक्ते कपाटात कुलूपबंद होते. खराब होतील म्हणून मुख्याध्यापक रामराव गुरुजी ते क्वचितच काढत. बाईंनी हट्टानं एक भिंतीला लावला. पोरं तक्त्याकडं न बघताच ओरडली, "अ अननसाचा!"

"अननस म्हणजे काय रे?"

बेबीनंदा नावाची पोरगी म्हणाली, "शहरातलं कणीस असंल, बाई."

बाई खूप हसल्या. पण घरी गेल्यावर त्यांना चैन पडेना. त्यांनी नवऱ्याचं जुनं धोतर फाडलं, खळ लावून ताठ केलं आणि काजळी, गेरू, हळद, नीळ कालवून शाळेत आणली. काय काढायचं ते पोरांनी सांगायचं. ज जात्याचा, ल लगोरीचा, न नांगराचा. लगोरीच्या चपट्या दगडांवरून तर वर्गात भांडण लागलं.

"छापील तक्ते असताना ह्या चिंध्या कशाला, बाई?" गुरुजींनी विचारलं.

"गुरुजी, महिनाभर राहू द्या. न्हाई जमलं तर मीच उतरवीन."

पोरं आता बोट ठेवून वाचू लागली. बाई तळहातानं चित्र झाकत, तरी अक्षर ओळखू यायचं. तेवढ्यात कापूस फुटला आणि बेबीनंदाची आई केशरबाई दारात उभी राहिली.

"पोरीला घेऊन चालले, बाई. भोकरदनला भावाच्या शेतात येचणीला माणूस न्हाई."

बाईंनी परोपरीनं सांगितलं, पण केशरबाई ऐकेना. पोरगी रडत गेली.

फाट्यावर एसटी उभी होती. केशरबाई गाठोडं घेऊन चढू लागली, तर बेबीनंदानं पदर ओढला.

"आई, ही आपली न्हाई. जात्याचा जा, लगोरीचा ल, नांगराचा ना. जालना लिव्हलंय!"

कंडक्टर खिडकीतून वाकला. "पोरगी बराबर बोलली, मावशी. भोकरदनची मागून येऊन राह्यली."

केशरबाई पाटीकडं बघतच राहिली. जन्मभर ती लोकांना विचारून गाडीत बसत आली होती. भोकरदनची गाडी आली, थांबली, निघूनही गेली. केशरबाई चढलीच नाही.

ती पोरीचा हात धरून थेट वर्गात आली. "घ्या तुमची पोरगी, बाई. कापूस मी एकटी येचीन." मग गाठोडं खाली ठेवून ती तक्त्यापुढं बसली. "अन् मला बी दाखवा ते जातं."

संध्याकाळी शेजारणी आल्या, दुसऱ्या दिवशी त्यांच्या जावा. त्या हंगामात एकाही पोरीचं नाव शाळेतून कमी झालं नाही. दिवाळीनंतर रामराव गुरुजी स्वतःच एक कोरं धोतर घेऊन वर्गात आले.

"बाई, दुसऱ्या वर्गालाही तक्ता पाहिजे. पण ळ ला काय काढायचं?"

"डोळा!" "केळ!" "गूळ!" सगळा वर्ग उभा राहून ओरडला, आणि गुरुजींनी कुंचला निळीत बुडवला.