आखणीवरून उठवलेली सुनंदा

सोमवार, आषाढातला. पेणच्या आमच्या गणपती कारखान्यात हजर: कामावर देखरेख करणारी मी, सुनंदा, तिची जाऊ मालन आणि रंगकामाच्या चौघी. मी सुनंदाला आखणीवरून उठवलं, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामागचं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही.

सुनंदा कासूहून यायची. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी तिच्याइतक्या सफाईनं कुणी करत नव्हतं. त्या दिवशी ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, खाली खाज सुटलीय, आग होते. पांढरं पण जातंय. बसवत नाय."

मी काय केलं? आवाज चढवला — सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. "असल्या अंगानं देवाचे डोळे काढतेस गो? ऊठ. कोऱ्या मूर्तींच्या घासकामाला बस." वर सल्लाही दिला — जंतुनाशक घालून रोज आतून धू.

आता ऐका. तोच त्रास मला होता. त्याच आठवड्यात मी रोह्याला, नदीपलीकडच्या अष्टमी गावात — ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून — डॉक्टरबाईंकडे जाऊन आले होते. त्यांनी तपासून सांगितलं, बुरशीचा संसर्ग आहे. घाण नव्हे, पाप तर नव्हेच. बाहेरून साध्या पाण्यानं धुवा. आत साबण नको, औषधी पाणी नको, त्यानं आग वाढते. ओले, घट्ट कपडे नकोत. आणि प्रत्येकीचं कारण वेगळं असतं, म्हणून दुसरीचं औषध घेऊ नका, तपासून घ्या. सुनंदाला उठवलं तेव्हा त्यांनी दिलेल्या गोळ्या माझ्या पर्समध्ये होत्या. आणि मी? मी मूर्ती हाताळतच होते.

का? माझ्याकडे कुणी पाहू नये म्हणून; खरा सल्ला दिला असता, तर तुला कसं ठाऊक, असं विचारलं असतं. ही सबब नाही, नुसतं उत्तर आहे.

माझ्या सल्ल्यानं तिची आग वाढली. ती काम सोडून गेली.

आज योनीमार्गाची जळजळ हे शब्द मी कारखान्यात मोठ्यानं बोलते. नवी बाई आली की पहिल्याच दिवशी. मालक खाकरतात — खाकरू देत. संडासाला पाणी आणि मधली सुट्टी भांडून मिळवली. कुणाला लाज वाटत असेल तर त्यानं बाहेर उभं राहावं. पण सुनंदाला याचा काय उपयोग?

मालन सांगते, दवाखान्यात दाखवून ती केव्हाच बरी झाली. फक्त घरच्या गणपतीला अजून हात लावत नाही.

मालनजवळ निरोप धाडता येईल. नाही धाडणार. कासूला जाऊन, तिच्यासमोर बसून, मीच सांगायचं — त्या दिवशी मलाही तेच होतं.

अजून गेलेली नाही.