हत्तीच्या पोटातला वायसर

पैसे साठवायच्या जुन्या लोखंडी गल्ल्यांची दुरुस्ती त्यानेच करावी, असा त्याचा लौकिक होता. उडी मारून नाणं झेलणारा कुत्रा, लाथ झाडणारं गाढव, सोंडेने पैसा गिळणारा हत्ती. पोरांना काटकसरीची सवय लागावी म्हणून कधीकाळी ओतलेली ही जनावरं. तो आधी गल्ला कानाशी धरून हलवायचा. नाणं खणखणतं, बोल्टाखालचा चपटा वायसर बद्द वाजतो.

हे ज्ञान कुठून आलं, ते मात्र त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. नवव्या वर्षी थोरल्या बहिणीच्या हत्तीतून सुरीच्या पात्यावर घसरवत तो एकेक नाणं काढायचा, आणि वजन कमी भरू नये म्हणून वडिलांच्या हत्यारपेटीतले वायसर आत सोडायचा. अक्कल होती, पण नको तिथे. वर्षअखेरीस वडिलांनी सगळ्यांदेखत हत्ती उघडला तर टेबलावर वायसरांचा ढीग! किल्ली बहिणीकडे, म्हणजे चोरही तीच. ती रडली, तिने शपथा घेतल्या. आणि हा पठ्ठ्या? सर्वांत आधी हाच ‘वायसरबाई’ म्हणून खिदळला. नाव चिकटलं. तिच्या मागोमाग सासरीसुद्धा पोचलं.

परवा तीच बहीण तोच हत्ती घेऊन दुकानात आली, सोबत नात. सोंड कित्येक वर्षं अडलेली. सवयीने त्याने हत्ती कानाशी नेऊन हलवला. आत काहीतरी बद्द वाजलं, आणि त्याचं तोंड उतरलं. तळ उघडला. सोंडेच्या दांड्यापाशी एक गंजका वायसर अडकून लटकत होता.

नात हसली. “आजी, हा तुझाच ना?”

बहीणही हसली. लहानपणी मी अशीच लबाड होते गं, असं काहीसं म्हणाली. साठ वर्षांत हसण्यावारी न्यायला ती शिकली होती. तेच हसू त्याला सोसेना.

“ताई,” तो हातातल्या चिमट्याकडे बघत म्हणाला, “हा मी टाकला होता. सगळेच मी टाकले होते.”

हसू थांबलं. ताई रडेल, निदान ‘जाऊ दे रे’ म्हणेल, अशी वेडी आशा त्याला होती.

“मला काय सांगतोस?” ती म्हणाली. “मी टाकले नव्हते, एवढं मला तेव्हापासून ठाऊक आहे. हिने आता ऐकलं. राहिल्या माझ्या सुना. लाव फोन.”

त्याने वंगणाचे हात पुसले, पुन्हा पुसले. फोन लागला. थोरल्या सुनेने विचारलं, मामा, आज कशी आठवण झाली? “ते वायसर...” तो पुटपुटला.

“मोठ्याने बोल,” ताई म्हणाली. “हसला होतास तेव्हा अख्ख्या घराला ऐकू गेलं होतं.”