मिलिटरी गाडीचा रेडिएटर

यादी केल्याशिवाय मला काम सुचत नाही. मिलिटरी गाडी बंद पडली तेव्हाही मी आधी वहीचं पान फाडलं. रेडिएटरची जाळी, वॉटर पंप, वरचा होस, खालचा होस, फॅन बेल्ट, चार क्लिपा. मंचरचा मिस्त्री एकेक नाव सांगत गेला, मी लिहीत गेले. ह्यांनी पान बघितलं आणि म्हणाले, "वाणसामान न्हाई हे. ह्या गाडीचं सामान आता मिलिटरीतबी मिळत नसंल."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ह्यांनी ती लष्कराच्या लिलावातून घेतली होती. दिसायला ओबडधोबड, पण चारही चाकांना जोर. तळेघरच्या अंगाला दुसरा ट्रकवाला यायला तयार नसे, तिथे ही चिखलातून वर चढायची. सुगी झाली की तिथल्या लोकांचा भात आणि नाचणी मंचरला आणायची. परत जाताना मीठ, कांदे, पत्रे आणि एसटी चुकलेली माणसं. निरगुडसरला आमच्या वाटणीचं रान थोडंसंच. घर गाडीवर चालायचं. आणि ह्यांना तळेघरपर्यंत सगळे 'मिलिटरीवाले' म्हणायचे, त्याचा ह्यांना मोठा अभिमान होता.

रेडिएटर पहिल्यापासून पाझरायचा. त्यावर आमच्याकडचे ड्रायव्हर करतात तेच आम्ही करायचो. मूठभर हळद टाकायची. पाण्याबरोबर ती फिरते, फुगते आणि बारीक भोक बुजवते. त्यासाठी मी वेगळा डबाच ठेवला होता आणि गाडी निघायच्या आधी हळद टाकणं हे माझं काम होतं. अशी आठ वर्षं काढल्यावर जाळी सडली आणि पाठोपाठ पंप गेला.

सामान मिळवायला चार महिने लागले. हे दिवसा दुसऱ्याचा टेम्पो चालवायचे, म्हणून हिंडायचं काम माझ्याकडे आलं. मंचरचे स्पेअर पार्टवाले शेठ माझी यादी वाचून हसले. "वहिनी, एवढं सामान ठेवायचं तर मला दुकानापुढे तोफ उभी करावी लागेल." पण बेल्ट आणि होस त्यांनीच जुळवून दिले आणि पुण्यातल्या एका जुन्या सामानवाल्याला फोनही लावला. पंप तिथे मिळाला. त्या जातीचा तेवढा एकच उरला होता.

जाळी मात्र कुठेच नव्हती. शेवटी अख्खा रेडिएटर पोत्यात बांधून मी एसटीने पुण्याला नेला. कंडक्टर म्हणाला, "ताई, ह्याचं अर्धं का पूर्ण?" सगळी गाडी हसली, मीही हसले. पुण्यातल्या रेडिएटरवाल्याने दुसऱ्या गाडीची जाळी कापून आमच्या जुन्या टाक्यांना बसवली. हातात देताना म्हणाला, "ह्याच्या नळ्या बारीक आहेत. ह्यात हळद-बिळद टाकू नका, चोंदेल. पाझरला तर सरळ माझ्याकडे आणा. घरी मालकांनाही सांगा." मी हो म्हणाले आणि यादीत जाळीपुढे बरोबरची खूण केली. माझ्या यादीत आणायच्या वस्तू असायच्या. करायचं नाही ते मी कधी लिहीत नसे. घरी आल्यावर ह्यांना सांगायचं राहून गेलं.

गाडी सुरू झाली त्या दिवशी ह्यांनी एवढा हॉर्न वाजवला की मिस्त्री ओरडला, "आवो राव, आता बॅटरीबी हुडकायला लावताय का वैनींना!"

पंधरा दिवसही झाले नसतील. दिवाळी झाली होती. सकाळी हे भाकरी खात बसले होते आणि मला गाडीखाली थेंब दिसले. तळेघरला अकरा घरांचा भात पोती भरून तयार होता आणि आभाळ भरून आलं होतं. ह्यात हळद चालत नाही हे ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांनी रेडिएटर उतरवला असता, मग पुन्हा पुणं, पुन्हा चार-सहा दिवस. रेडिएटरवाल्याचं बोलणं मला आठवत नव्हतं असं नाही. चांगलं आठवत होतं. आजच्यापुरतं, असं मनाशी म्हणत मी एक मूठ हळद टाकली. थेंब थांबेना म्हणून दुसरी टाकली. झाकण बसवलं, हात पुसले.

हे बाहेर आले. "पाणी बघितलंस का?"

"बघितलं."

डिंभ्याच्या पुढच्या चढाला इंजिन तापलं. गाडीचा तापमानाचा काटा आम्ही घेतल्यापासून बंदच होता. वाफ दिसून ह्यांनी गाडी थांबवेपर्यंत इंजिन जाम झालं होतं. ट्रॅक्टरने ओढत गाडी मंचरला आणली. मी ह्यांच्या जेवणाचा डबा घेऊन तिथे गेले तेव्हा मिस्त्री खालचा होस काढत होता. पाणी आलंच नाही. पिवळा चिखल आला.

"हळद कुणी टाकली ह्यात?" मिस्त्रीने विचारलं.

हे त्या चिखलाकडे बघत राहिले. माझ्याकडे बघितलं नाही.

"म्या टाकली," हे म्हणाले.

"आवो भाऊ, ड्रायव्हर हाये का पुजारी? सगळ्या नळ्या बंद झाल्यात, हेड गेलं, ब्लॉकला चीर पडलीय. आता ह्याला इंजिन कुठलं आणायचं?"

मी डबा धरून उभी होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. शेठनी पुन्हा पुण्याला फोन लावला, मिस्त्रीने दोन ठिकाणी विचारलं. त्या गाडीचं इंजिन कुठेच नव्हतं. उन्हाळ्यात ती भंगारात गेली. न्यायला आले तेव्हा ह्यांनी आतली सीट झाडून दिली, जणू कुणी बसायला येणार होतं. नंतर हे कायमचे दुसऱ्याच्या टेम्पोवर गेले. मी सांगितलं नाही, ह्यांनी विचारलं नाही.

दोन वर्षांनी मंचरच्या बाजारात तळेघरची एक म्हातारी भेटली. तिचा भात दरसाल आमच्याच गाडीतून यायचा. तिने ह्यांना लांबूनच हाक मारली.

"काय रं मिलिटरीवाल्या! हळद लावून गाडीचं लगीन लावलंस म्हणं? आता आमी डोक्यावर आणतोय भात!"

आजूबाजूचे हसले. हेही हसले. "चुकलं मावशे माझं. लई मोठी चूक झाली."

"चुकलं म्हणून माझी मान दुखायची थांबतीय व्हय?"

मी पिशवी खाली ठेवली. म्हटलं, "मावशी, ती हळद..."

"मेथी घ्यायची का गं?" हे मध्येच म्हणाले आणि पुढच्या गाळ्याकडे चालू लागले. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काही नाही, मावशी," म्हणून मी पिशवी उचलली आणि ह्यांच्या मागे गेले.