बोलत राहा म्हणणारे कांबळेसाहेब

कांबळेसाहेब फोनवर ऐकताना डोळे मिटून घेत. बेळगावात कॅम्पातल्या आमच्या टेलिफोन ऑफिसात मी पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, तर रिसीव्हर कानाला, डोळे बंद, मान कलती. मला वाटलं साहेबांना जेवण जड झालंय. मी हलकेच खाकरले. डोळे न उघडता त्यांनी थांबा म्हणून पंजा वर केला आणि पलीकडच्या माणसाला म्हणाले, "बोलत राहा. मधी खरखर आलती, ती कुठनं येतीया बघतोय." तो माणूस काय बोलतोय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. मागून कळलं, तो बिचारा रजा मागत होता.

मी तेव्हा पस्तिशीची. खानापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याची लेक, ट्रंक बोर्डावर बसून लोकांना फोन जोडून देण्यात बरीच वर्षं गेलेली. खात्याची परीक्षा पास झाले आणि इंजिनिअर ट्रेनी म्हणून माझी नेमणूक झाली. मी इतकी फुगले होते की टॉवरवर घालायच्या पिवळ्या हेल्मेटला मॅचिंग म्हणून खडेबाजारातून पिवळी साडी घेतली. त्या साडीत मी ऑफिसात शिरले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आदरानं.

पण खाली एक भीती होती. ट्रेनिंग संपताना साहेब वर कळवणार होते, बाई इंजिनिअर म्हणून चालतील की बोर्डावर परत पाठवायच्या. आणि बोर्डाचे दिवस भरत आले होते. लोक घरबसल्या स्वतःच परगावचे नंबर फिरवत होते. परत जाणं म्हणजे रिकाम्या हॉलमध्ये कानाला हेडफोन लावून निवृत्तीची वाट बघणं.

मोबाइल तेव्हा आमच्या भागात नुकताच येत होता. मी पुस्तक घोकून गेले होते. साहेबांनी विचारलं, "आवाज डिजिटल करून पाठवत्यात म्हंजे काय करत्यात?" मी बोर्डावरच्या गोड आवाजात इंग्रजी व्याख्या म्हणून दाखवली, स्वल्पविरामासकट. साहेबांनी शांतपणे ऐकली. "छान. आता मला समजंल असं सांगा."

मी तीच व्याख्या जरा हळू म्हणून दाखवली. मग त्यांनीच सांगितलं. ते निपाणीचे. आई आणि थोरली बहीण तंबाखूच्या वखारीत कामाला. गल्लीत नळ एक आणि घागरी आठ. "एकीनं घागर भरून घेतली की मग दुसरी, असं केलं तर भांडणं. आमच्यात काय व्हायचं, पैल्या घागरीत तांब्याभर, दुसरीत तांब्याभर, आठवी झाली की फिरून पैली. सगळ्यांच्या घागरी संगंच भरायच्या. आवाजाचे असेच तुकडे करायचे. एका लहरीवर आठ माणसं बोलत्यात आणि परत्येकाला वाटतंय, नळ माझ्या एकटीचा हाय."

जीप एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जाते तेव्हा चालू फोन या टॉवरकडून त्या टॉवरकडे सोपवला जातो. त्याबद्दल ते म्हणत, "लग्नात झोपलेलं बाळ ह्या मांडीवरनं त्या मांडीवर जातंय तसं जायला पायजे. बाळ जागं झालं तर तुमचं काम वाईट." आणि 'बहुतेक' हा शब्द त्यांना अजिबात चालत नसे. "बहुतेक म्हंजे तुम्ही बघितलं न्हाय," एवढंच म्हणत. मी दर दोन वाक्यांनी बहुतेक म्हणायची.

रस्त्यावरची चाचणी घेताना जीपमध्ये मोजणीचं यंत्र असे, आणि चालू फोनवर कुणीतरी सतत बोलत राहावं लागे. यंत्राला सिग्नल कळतो, बोलणं तुटलं तर ते माणसाच्या कानालाच कळतं, हा साहेबांचा सिद्धान्त. आणि न थांबता बोलणारं माणूस त्यांच्या घरातच होतं. निपाणीला राहणारी ती थोरली बहीण, आक्का. चाचणी असली की साहेब आक्कांच्या घरी फोन लावत. आक्कांना विषय लागत नसे.

निपाणीचा नवा टॉवर सुरू व्हायचा होता. साहेब तिथं जाऊन बसले आणि मला निरोप आला, "बेळगावातनं आक्काला फोन लावा आणि निपाणीपतोर बोलत या. एकट्याच या." ही माझी परीक्षा आहे हे कुणी सांगायला नको होतं. मी पिवळी साडी नेसले.

जीप यल्लप्पा चालवत होता. काकतीच्या पुढं आक्कांनी फोन घेतला. "जयभीम गं. तूच व्हय ती नवी बाई? आमचा वसंता लई तरास देतो न्हवं?" तिथून हत्तरगीपर्यंत सुनेचा स्वयंपाक, संकेश्वरपर्यंत शेजारणीचं गुडघ्याचं ऑपरेशन. मी व्हय, व्हय करत होते. तवंदी घाट उतरायला लागलो, निपाणीच्या टॉवरची हद्द लागली, शेजारणीला डॉक्टरनं काय सांगितलं ते ऐन रंगात आलेलं, आणि आवाज गेला. मी हॅलो हॅलो केलं. पलीकडं शांत.

कॉल तुटला, मी ठरवून टाकलं. फोनच्या पडद्याकडे बघायचं सोडून मी तो मांडीवर टाकला, धूळ नको म्हणून त्यावर पदर घेतला आणि यल्लप्पासमोर तोंड सोडलं. मेल्या टॉवरला माझाच मुहूर्त सापडला होता. ते बंद डोळ्यांचं ध्यान आता मला बोर्डावर पाठवणार. कुणी मरताना फोन केला तरी म्हणेल, बोलत राहा, खरखर ऐकतोय. यल्लप्पा आपला "होग्ली बिड्री मॅडम, जाऊ द्या," म्हणत होता. मी कसली जाऊ देते. निपाणीच्या नाक्यापाशी माझा राग संपला आणि रडू आलं. तेव्हा जे बोलले ते यल्लप्पालाही धड ऐकू गेलं नसेल.

टॉवरखालच्या खोलीत साहेब उभेच होते.

"घाटात कॉल तुटला, साहेब."

"तुटला, का आवाज गेला?"

"बहुतेक तुटला."

त्यांनी मी आणलेलं यंत्र तपासलं. "सिग्नल तर भरपूर हाय." तेवढ्यात खोलीतला तारेचा फोन वाजला. साहेबांनी तो घेतला, सवयीनं डोळे मिटले, आणि थोड्याच वेळात उघडले. चालू फोनवर त्यांचे डोळे उघडे मी पहिल्यांदा बघत होते. त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला. "आक्का हाय."

"पोरी, मी सगळं ऐकलं गं," आक्का म्हणाल्या. "तू हॅलो हॅलो करत हुतीस, मी हिकडनं व्हय व्हय म्हणतीया, तुला ऐकूच जाईना. बंद डोळ्यांचं ध्यान, ते लई झ्याक बोललीस. ल्हानपणापास्नं तसाच हाय त्यो."

जमीन दुभंगावी असं वाटण्याची ती वेळ होती. पण दुभंगायच्या आधी माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मी रिसीव्हर हातात तसाच धरून म्हटलं, "साहेब, कॉल तुटलाच नव्हता. माझा आवाज आक्कांकडे जात होता. त्यांचा माझ्याकडे येत नव्हता. टॉवर आणि जीप यांच्यामधलं काही बिघडलेलं नाही. आवाज या टॉवरपर्यंत आणणारी लाइन एका बाजूनं मुकी आहे."

"पुरावा?"

"आवाज गेल्यावर मी जे बोलले ते आक्कांनी ऐकलंय."

साहेबांनी टेबलावर रस्त्याचा नकाशा पसरला आणि पेन्सिल घेतली. "कुठं काय बोललासा, शब्द न शब्द सांगा. जागा पायजेत." मग फोनचा स्पीकर लावून म्हणाले, "आक्का, ऐकलं असशील ते व्हय म्हण."

मी खाली मान घालून सुरू केलं. "घाटातल्या पहिल्या वळणावर, मेला टॉवर."

"व्हय," आक्का म्हणाल्या. साहेबांनी ठिपका दिला.

"घाट संपताना... बंद डोळ्यांचं ध्यान."

"व्हय व्हय. स्पष्ट."

"ध्यान घाट संपताना, का संपल्यावर?" साहेबांचा चेहरा अगदी सरळ.

"संपल्यावर, साहेब."

ठिपका. असे माझ्या रागाचे ठिपके नकाशावर उमटत नाक्याजवळ आले आणि मी थांबले. "पुढं काही नाही," म्हटलं.

"हाय की," आक्का म्हणाल्या. "ते बी सांग."

साहेब पेन्सिल धरून थांबले. "सांगा बाई. त्याबिगार निपाणीपतोरचं शाबीत होत न्हाय."

मी त्या नकाशाकडे बघत म्हटलं, "नाक्यापाशी. मला बोर्डावर परत जायचं नाही. मला हे काम शिकायचंय."

"व्हय," आक्का म्हणाल्या. या वेळी हळू.

साहेबांनी तिथंही ठिपका दिला. मग खोलीतलं तारांचं कपाट उघडलं आणि मला म्हणाले, "हुडका." येणाऱ्या आवाजाची एक तार तिच्या जागी नीट बसलेलीच नव्हती. मी ती बसवली. यल्लप्पाला घेऊन पुन्हा घाटात गेले, आणि या वेळी शेजारणीचं ऑपरेशन शेवटपर्यंत पार पडलं.

परत आले तेव्हा साहेब बेळगावच्या मोठ्या साहेबांशी फोनवर बोलत होते, डोळे मिटून. "न्हाय, पाटीलबाईंना बोर्डावर पाठवू नका. व्हय, चुकत्यात की. लई चुकत्यात. पण काय झालं ते सांगताना स्वतःला वगळत न्हाईत." रिसीव्हर ठेवून त्यांनी नकाशाची घडी घातली. मी दारात आहे हे त्यांना कधीपासून माहीत होतं कुणास ठाऊक.

"उद्या नंदगडच्या रस्त्याची चाचणी हाय," ते म्हणाले. "जीप तुम्ही घेऊन जायची. मी येत न्हाय."

"आणि फोनवर आक्का बोलतील ना?"

"आक्का म्हणतीया, उद्या मी काय बोलत न्हाय. त्या बाईचंच ऐकायचं हाय मला."